मताची गाडी

ऑक्टोबरात घोटीला एसटीतून उतरलं की आधी नाकाला कळतं, भाताची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झालीय. ओल्या पेंढ्याचा वास, सुकत आलेल्या चिखलाचा वास, आणि मधूनच इंद्रायणी भाताचा तो गोडसर दरवळ. जवळजवळ तीस वर्षं मी पंचवटीतून घोटीच्या शाळेत शिकवायला ये-जा केली. निवृत्त झाले, तरी या महिन्यात काहीतरी निमित्त काढून एकदा येऊन जातेच. घरचे म्हणतात, तांदूळ काय नाशकात मिळत नाही? मिळतो की. पण मला यायचं असतं, त्याला तांदळाचं नाव देते, झालं.

यंदा सोंगणी आणि विधानसभेची निवडणूक एकाच महिन्यात आलीय. खाचरात माणसं वाकलेली आणि बांधाच्या कडेच्या रस्त्यावरून कर्णे लावलेली जीप चाललेली. विळा चालवणारी बाई मान वर करत नाही आणि जीपवाला आवाज कमी करत नाही. मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखल्यात, त्यांचे नकाशे वर्तमानपत्रांत येतात. स्टँडाजवळच्या टपरीवर दोन गृहस्थ चहा थंड होईस्तोवर वाद घालत होते की आपलं गाव आता नक्की कुणाच्या पदरात पडलं. लोकांना असल्या नकाशांची गंमत वाटते. मी मात्र ते पान न बघता उलटते. पंच्याण्णवच्या निवडणुकीआधीचा हिवाळा मी ज्या गावात पाहिला, त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. माणसं अजून तिथे नांदतायत आणि ती वाईट माणसं नाहीत.

हयात इतिहास शिकवण्यात गेली, तेव्हा आधी थोडा इतिहास. खोड आहे, जायची नाही. इंग्रजांनी कौन्सिलच्या निवडणुका सुरू केल्या तेव्हा मत सगळ्यांना नव्हतंच. खेड्यात शेतसारा ठरावीक रकमेच्या वर जो भरेल त्यालाच मत, बाकीच्यांनी बघत बसायचं. आणि जे थोडे मतदार उरले त्यांच्यातही वाटणी. जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांवर दोन मतदारसंघ अंथरलेले होते, एकाच जमिनीवर एकावर एक. एक होता मुसलमान ग्रामीण. आणि दुसऱ्याचं नाव काय असावं? बिगर-मुसलमान ग्रामीण. मला या नावाचा पहिल्यापासून संताप. अहो, गोदावरी इथली, दारणा इथली, नागलीची आणि भाताची शेतं इथली, आणि इथल्या बहुतेक माणसांची सरकारदरबारी ओळख काय, तर 'ते नव्हेत ते'. वर्षानुवर्षं एखाद्याला असंच हाक मारत राहिलं तर तो पुढे स्वतःलाही त्याच नावानं ओळखायला लागतो, असं मला वाटतं.

पाठ्यपुस्तकात या सगळ्यावर एकच ओळ होती. विभक्त मतदारसंघ स्थापन करण्यात आले, पूर्णविराम. चौऱ्याण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ती ओळ नववीला शिकवत होते, तर तिसऱ्या बाकावरची रखमा उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. म्हणाली, "बाई, आमच्या गावात मताची गाडी निघती. ती त्याच्यामुळंच हाय." वर्ग खो खो हसला. रखमा लाल झाली आणि बसली. मी मधल्या सुट्टीत तिला गाठलं. तिचे आजोबा कोंडाजीबाबा आणि त्यांचे शेजारी उस्मानचाचा, दोघांनाच ती गोष्ट नीट ठाऊक आहे, म्हणाली. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर फाट्यावर उतरले आणि भाताच्या खाचरांमधून गावात गेले.

उस्मानचाचांची भाताची गिरणी गावाच्या तोंडाशीच होती. गिरणीला लागून घर. भुश्शानं पांढरी झालेली पत्र्याची शेड, आत फटफट करणारा पट्टा, आणि दारातल्या पोत्यावर दोन म्हातारे. सत्तरीच्या आसपासचे दोघंही. चाचा उंच, दाढी मेंदीनं तांबडी केलेली. कोंडाजीबाबा बुटके, मुंडासं कानांवरून घेतलेलं. एक बोलायला लागला की दुसरा त्याचं वाक्य पुरं करायचा.

"माझ्या बापाला मत होतं, याच्या बापाला नव्हतं," चाचा म्हणाले.

"सारा कमी पडायचा आमचा," कोंडाजीबाबा म्हणाले. "पर बैल व्हते. यांच्याकडं मत व्हतं आन बैल नव्हते."

चाचांच्या वडिलांची जमीन खंडानं दुसऱ्याला कसायला दिलेली, घरात बैल नाहीत. गावातल्या बाकीच्या मतदारांचं मत चावडीतच पडायचं. पण मुसलमानांचा मतदारसंघ वेगळा, त्यांचे मतदार थोडे आणि लांब लांब विखुरलेले, म्हणून चाचांच्या वडिलांना मत द्यायला थेट इगतपुरी गाठावी लागायची. तेव्हा कोंडाजीबाबांचे वडील मतदानाच्या दिवशी पहाटे बैल जुंपून शेजाऱ्याच्या दारात उभे राहायचे. स्वतःला मत नाही, आणि शेजाऱ्याचं मत पोचवायला दिवस मोडायचा. तिथे आत शेजारी मत द्यायचा आणि हे बाहेर जांभळाखाली बैलांना वैरण टाकून बसायचे. परत आलं की चाचांच्या आजी आधी बैलांना गुळाच्या कणकेचे गोळे चारायच्या, मग माणसांना जेवायला वाढायच्या. दोन्ही घरची पोरं त्या गाडीत असायची. हे दोघंही त्यातलेच.

मग स्वराज्य आलं. सगळ्यांना मत मिळालं, विभक्त मतदारसंघ गेले, पेटी गावच्या शाळेत आली. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी पहिल्या निवडणुकीला कोंडाजीबाबांचे वडील गाडी घेऊन दारात हजर.

"त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का, आता मत शाळेतच द्यायचंय म्हणून?" मी विचारलं.

"सांगितलं व्हतं की," कोंडाजीबाबा म्हणाले. "पर बैल जुंपून झालं व्हतं."

जुंपलेले बैल सोडायचे कसे, म्हणून दोन्ही घरची माणसं गाडीत बसली. शाळेपर्यंत जायला गाडी फारच थोडा वेळ चालली असती, म्हणून शिवेवरून मोठा वळसा घेतला, मारुतीपुढून, पिराच्या चौथऱ्यापुढून, आणि मग शाळेत जाऊन सगळ्यांनी मतं दिली. आता गाडी हाकणाऱ्यालाही मत होतं. तेव्हापासून दर निवडणुकीला ही गाडी निघे. गाव तिला मताची गाडी म्हणे. पोरं मागे धावत, म्हाताऱ्या ओट्यावरून चेष्टा करत की चालत जाऊन दिलेलं मत यांना पचत नाही का. आणि या गाडीचा एक कायदा होता. तिचं आवतण नसतं. गाडी येणार आहे हे हाकणाऱ्यानं सांगायचं नाही, येणार का हे बसणाऱ्यानं विचारायचं नाही.

"का बरं?" मी विचारलं.

"इचारून नेलं तर भाडं झालं ते," कोंडाजीबाबा म्हणाले. चाचांनी नुसती मान हलवली.

मी हरखून गेले होते. इंग्रज सरकारनं माणसं वेगळी काढली आणि या गावानं त्यातून एकत्र बसायचं निमित्त शोधलं. संध्याकाळच्या एसटीत मी शेजारच्या परक्या बाईलाही ही गोष्ट ऐकवली. तिनं ऐकून घेतलं, आणि मग हळूच विचारलं, "यंदाही निघणारे का ती?" मी म्हटलं, का नाही निघणार? ती खिडकीबाहेर बघायला लागली.

मग मला दिसायला लागलं. आधीपासून होतंच, मीच बघत नव्हते. ब्याण्णवच्या डिसेंबरात देशात जे घडलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. या गावात त्या वेळी काहीही झालं नव्हतं. लोक हे अभिमानानं सांगत, आपल्याकडे काही झालं नाही. पण ते फार वेळा सांगत. एखादा माणूस दर भेटीत सांगायला लागला की माझी तब्येत ठणठणीत आहे, की आपण त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघतो, तसं मला व्हायचं.

मार्गशीर्षात मी पुन्हा गेले तेव्हा गिरणीपुढे पोती कमी होती. हंगाम ऐन भरात आणि पट्टा थांबलेला. चाचा म्हणाले, "लोक घोटीला नेतात. तिकडे मोठ्या गिरण्या झाल्या ना. तांदूळ कमी फुटतो म्हणे." त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. मी वाटेत भात नेणाऱ्या दोघा-तिघांना विचारलं, तेही म्हणाले, "तांदूळ कमी फुटतो तिकडं." सगळ्यांचं एकच उत्तर, तेही शब्दाला शब्द तेच. वर्गात दोन मुलांचं उत्तर असं जुळलं तर मी दोघांनाही उभं करते.

पौषात धुकं पडायला लागलं. घोटीच्या त्या पट्ट्यात धुकं पडतं तेव्हा उन्हं चांगली वर येईपर्यंत माणूस दिसत नाही, आधी खोकला ऐकू येतो. त्या धुक्यात एक जीप यायला लागली. निवडणूक जाहीर झाली होती. जीपवर कॅसेट लावलेली असे, कुणाचं तरी भाषण, शब्द नीट कळायचे नाहीत, फक्त मधे मधे हजार माणसांच्या घशातून निघालेला एक ओरडा. जीप गावातून जाई आणि गिरणीपाशी आली की तिचा वेग कमी होई. थांबत नसे. वेगच फक्त कमी होई. एकदा दोन अनोळखी माणसं घरं मोजत फिरली. कुणाचं घर कोणतं, माणसं किती, विचारत होती. कुणी म्हणालं मलेरियावाले, कुणी म्हणालं मतदार ओळखपत्रवाले. असतीलही. पण गावानं त्यांना विचारलं नाही, आणि ती गेल्यावर चाचांच्या दाराला नवी कडी लागली. भक्कम लोखंडी. त्या दाराला आधी कडी होती का, हे मी चाचांच्या सुनेला, शमीमभाभीला विचारलं.

"होती ना, मांजर येऊ नये म्हणून," ती म्हणाली आणि हसली.

आत गेले तर दाराशेजारी एक बोचकं बांधून ठेवलेलं. मला वाटलं धुणं. म्हटलं, नदीवर निघालीस का? ती म्हणाली, "नाही बाई. लेकरांचे कपडे आहेत, अन् थोडं भाकरीचं पीठ. असू द्यावं जवळ." आणि मग चहाचं आधण ठेवता ठेवता, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "रोज सकाळी सोडते. रोज संध्याकाळी बांधते. सवय झाली." तो चहा मी कसा प्यायले मला आठवत नाही, पण त्या घरातून बाहेर पडताना मला पहिल्यांदा त्या गावाची भीती वाटली. आणि भीतीपेक्षा जास्त शरम वाटली, कारण मला बाहेर पडता येत होतं.

आता सगळं त्या गाडीवर येऊन ठेपलं होतं. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. मतदानाच्या सकाळी गाडी चाचांच्या दारात आली तर बोचकं सुटेल. नाही आली, तर जीपचा वेग का कमी होतो याचं उत्तर गावानं देऊन टाकलं असं होईल. शमीमभाभी मला एवढंच म्हणाली, "अब्बा म्हणतात, गाडी आली तर हा उन्हाळा इथेच काढू." म्हणजे नाही आली तर काय, ते तिनं सांगितलं नाही.

कोंडाजीबाबांचा मुलगा भाऊ, म्हणजे रखमाचा बाप, त्या जीपमध्ये बसायला लागला होता. तो मला फाट्यावर भेटला. नम्रपणे पिशवी घेतली हातातली. म्हणाला, "बाई, म्हाताऱ्यांच्या नादी लागू नका. यंदा गाडीबिडी काय निघायची नाय."

"का रे? चाचांच्या घरी लहानपणी जेवला नाहीस तू?"

"लय वेळा. म्हणून तर सांगतो. मला काय त्यांचं वाईट करायचंय व्हय? पर पोरं नावं ठेवत्यात. म्हणत्यात, तुझा बाप त्यांचा गाडीवान." हे शेवटचं बोलताना त्यानं मान फिरवली. त्याला ते खरंच लागलं होतं. मी पिशवी हिसकावून घेतली त्याच्या हातातून. आज वाटतं, त्याच्याशी दोन शब्द अधिक बोलायला हवे होते, पण माझा स्वभाव असा.

आणि ते दोन म्हातारे! ते रोज गिरणीच्या दारात बसत होते आणि त्या एका विषयाला सोडून जगातलं सगळं बोलत होते. कोंडाजीबाबा उठून गेले की चाचा मला विचारायचे, "याच्या बैलांचं बरं आहे ना? खातात ना नीट?" आणि वाटेत कोंडाजीबाबा विचारायचे, "उस्मानभाईच्या गुडघ्याचं कसं काय? चढता येतं का उंचावर?" मी मधल्यामधे तडफडत होते. शेवटी मी बाबांना स्पष्टच म्हटलं, "अहो, एकदा जाऊन सांगून टाका ना, गाडी आणतो म्हणून. त्यांच्या जिवाला स्वस्थता तरी येईल."

ते चालता चालता थांबले. "सांगायचं म्हंजे? कवा सांगितलंय आजवर? सांगितलं म्हंजे त्याला वाटंल, मला आणायची नव्हती, कुणी भरीला घातलं."

त्यांचं चूक नव्हतं. हेच तर वाईट आहे, की त्यांचं चूक नव्हतं.

मतदानाच्या दिवशी मी पहिल्या एसटीनं निघाले. माझं मत पंचवटीत, ते दुपारी परत येऊन देता आलं असतं. फाट्यावर उतरले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पायाखालची वाट तेवढी दिसत होती. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची धसकटं. गाव जवळ आलं तरी आवाज नाही. कुत्रंही भुंकलं नाही. मग गिरणीपाशी मला धुक्यात बैलांची शिंगं दिसली, आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गाडी आली होती.

कोंडाजीबाबा गाडीपुढे उभे होते. धुतलेलं मुंडासं, धुतलेली कोपरी. बैलांची शिंगं तेलानं चोपडलेली. सकाळी घरात मोठं भांडण झालं होतं, भाऊनं जू धरून ठेवलं होतं आणि म्हाताऱ्यानं पोटच्या पोरावर आसूड उगारला होता, हे मला नंतर रखमानं सांगितलं. तेव्हा मी फक्त त्यांचा चेहरा पाहिला आणि ते जिकडे बघत होते तिकडे बघितलं. चाचांच्या दाराला बाहेरून कडी होती आणि कडीला कुलूप.

आसपासच्या ओट्यांवर माणसं उभी होती. बरीच होती. मग एक जण म्हणाला, "बाबा, ते कवाच गेले. तुमची गाडी नको त्यांना." कुणीतरी बारीक हसलं.

मी शाळेकडे धावले. चाळिशी केव्हाच उलटलेली बाई, साडी वर धरून. शाळेच्या कट्ट्यावर उस्मानचाचा बसले होते, बोटाला शाई, शेजारी मुलगा, शमीमभाभी, पोरं. मला बघून चाचा हसले. दाराशी खुर्ची टाकून बसून राहावं लागलं नाही, याचा सुटकेचा निःश्वास त्या हसण्यात होता.

"उरकलं बाई काम. उजाडायला निघालो, शेतातून आलो," ते म्हणाले. "म्हटलं, कोंडाजीला यायला जमणार नाही. पोराचं घर आहे, त्याला त्या घरात राहायचंय. मी दारात तयार होऊन बसलो तर गाव म्हणेल, बघा, हा वाट बघतोय अन् तो येत नाही. त्याची मान खाली जाईल. माझ्यामुळे कशाला?"

"चाचा," मी म्हटलं, "ते दारात उभे आहेत. गाडी जुंपून."

मी त्या माणसाचा चेहरा विसरू शकलेले नाही. ते उठले, गुडघा धरून खाली बसले, पुन्हा उठले. मुलाच्या खांद्यावर हात टाकून जमेल तितक्या भराभर चालायला लागले. आम्ही सगळे मागे. गिरणीपाशी पोचलो तेव्हा तिथे चाकांचे ओले माग होते आणि ताजं शेण होतं. ओट्यांवरची माणसंही आत गेली होती. शमीमभाभीनं कुलूप काढलं, त्याचा आवाज केवढा मोठा झाला.

मी कोंडाजीबाबांकडे गेले. ते बैल सोडत होते. मी सगळं सांगितलं, धाप लागली होती, शब्द धड निघत नव्हते. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"मंग सांगायचं व्हतं," ते म्हणाले.

तिकडे चाचा म्हणाले, "त्यानं तरी सांगायचं होतं ना बाई."

दोघांनाही ठाऊक होतं की सांगायचं नसतं. दोघांनीही दुसऱ्याची लाज राखायला म्हणून जे केलं, त्यात दोघांची लाज चव्हाट्यावर आली. मी त्या दिवशी तीन वेळा या घरातून त्या घरात गेले. बाबा म्हणत, "आमच्या बापानं त्या दाराला कधी कुलूप बघितलं नव्हतं. त्यानं यावं." चाचा म्हणत, "मी दार लावून अपमान केला असं त्याला वाटलंच कसं? त्यानं यावं." मला दोघांनाही हाताला धरून एकमेकांपुढे उभं करावंसं वाटत होतं. पण म्हाताऱ्या माणसांना हात कोण लावणार? पंचवटीत पोचायला मला उशीर झाला आणि माझं मत राहिलं.

शिमग्यापर्यंत गोष्ट पार बदलली होती. आधी ऐकलं, मुसलमानांनी गाडी नाकारली. मग घोटीच्या बाजारात कानावर आलं, बैलांना काठी घालून हाकललं. शाळेत आमच्याच एका शिक्षकानं मला ऐकवलं की त्या गावात गाडी घेऊन गेलेल्या म्हाताऱ्याला दारात पाडून मारलं म्हणे. मी म्हटलं, मी तिथे होते. तो म्हणाला, बाई, तुम्हाला सगळं थोडंच दिसलं असणार. जीपच्या कॅसेटनं जे काम होत नव्हतं ते या गोष्टीनं केलं. आगीत तेल कुणी ओतलं नाही, घरोघरच्या पणत्यांतूनच थेंब थेंब गेलं. गिरणीचा पट्टा पुन्हा सुरूच झाला नाही. आषाढाच्या आधी एक ट्रक आला आणि चाचांचं घर त्यात बसलं. नाशकात वडाळ्याच्या बाजूला, नात्यातली बरीच माणसं होती तिथे, दोन खोल्या घेतल्या त्यांनी. ट्रक गेला तेव्हा कोंडाजीबाबा शेतात होते. शेतात त्या दिवशी काही काम नव्हतं, असं रखमा म्हणाली.

चाचा नाशकातच गेले, काही वर्षांनी. निरोप गावात उशिरा पोचला.

माझ्या शिकवण्यात मात्र फरक पडला. ती पाठ्यपुस्तकातली ओळ मी पुढे कधी एका दमात वाचू शकले नाही. पोरांना म्हणायचे, बाळांनो, हे मतदारसंघ रद्द झाले, असं लिहिलंय. परीक्षेत तसंच लिहा, मार्क मिळतील. आणि पुढे काहीतरी सांगायला तोंड उघडायचे आणि फळ्याकडे वळायचे.

परवा मी तांदळाचं निमित्त काढून गेले ती त्या गावातच गेले. कितीतरी वर्षांनी. गिरणीच्या जागी आता सिमेंटचं दुकान आहे. भाऊचे केस पिकलेत, त्यानं मला वाकून नमस्कार केला, खुर्ची आणली, रखमाला दोन मुलं झाली ते सांगितलं. त्याच्या ओसरीवर प्रचाराची पत्रकं रचलेली होती. कोंडाजीबाबा अंगणात झोडलेल्या भाताच्या राशीशेजारी बाजेवर होते, अगदी मूठभर उरलेले. डोळे गेलेत. आवाजावरून ओळखलं त्यांनी.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "बाई, उस्मानभाईचा पोरगा आता मत कुठं देतो?"

"वडाळ्यात, बाबा. त्यांच्या वस्तीतल्या शाळेत."

"तिथं आपली बी मान्सं असत्याल की."

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही बाबा. तिथे सगळे त्यांचेच आहेत."

भाऊ चहा घेऊन आला, कप बाजेखाली ठेवून निघून गेला.

"म्हंजे परत त्यांचं येगळं झालं," बाबा म्हणाले. "आन हितं आमचं येगळं. सरकारनं तसा कायदा केला का परत?"

"नाही. कायदा नाही केला."

"मंग कुनी केलं?"

माझी जीभ फटकळ आहे, जन्मभर त्यापायी शत्रू केलेत. म्हटलं, "आपणच, बाबा. सगळ्यांनी मिळून."

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. रागावले नव्हते. लहान मूल न केलेल्या खोडीबद्दल मार खातं तेव्हा बघतं, तसं काहीतरी त्या विझलेल्या डोळ्यांत होतं.

"म्या तर गाडी नेली व्हती, बाई," ते म्हणाले.

खरंच नेली होती. मी पाहिली होती.